‘नुसतं फिरणं’ : ‘युमे निक्की’वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

तटस्थ वाचक,

तुमची प्रतिक्रिया वाचली. खालीच दोन ओळी लिहून विषय संपवता आला असता, पण तुम्ही जे लिहिलंय त्याला दोन ओळी पुरणार नाहीत, म्हणून स्वतंत्रपणे लिहितो आहे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘युमे निक्की’, म्हणजे ‘स्वप्नांची रोजनिशी’, हा 2004 सालचा जपानी गेम. किकियामा या टोपणनावाच्या एकाच व्यक्तीने तो बनवला आणि फुकट वाटला. मी त्याच्याबद्दल लिहिलं की सुप्त मनात इतका खोल उतरलेला दुसरा गेम मी पाहिलेला नाही. तुमचं म्हणणं असं की हा 0.10 आवृत्तीवर सोडून दिलेला अर्धवट गेम आहे. त्याचं जुन्या वळणाचं चित्रण ही निवड नाही, कुवत नसल्याचं लक्षण आहे. शेवटाबद्दल मी बेजबाबदारपणे लिहिलं. आणि मुख्य वाक्य, जसंच्या तसं: “यात नुसतं फिरणं आहे, बाकी काही नाही, जिथे अर्थ लागत नाही तिथे तुम्ही ‘सुप्त मन’ लिहून मोकळे होता, कारण मराठीत हे तपासणारं कोणी नाही.”

आधी या शेवटच्या सहा शब्दांबद्दल.

मला मतभेदाचं वावडं नाही. या ब्लॉगवर लोकांनी माझी मतं खोडून काढली आहेत आणि त्या प्रतिक्रिया आजही जागच्या जागी आहेत. पण ‘मराठीत हे तपासणारं कोणी नाही’ हा मतभेद नाही, आरोप आहे. मी जाणूनबुजून थापा मारतो आणि इथे येणाऱ्यांना त्या कळत नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ होतो. त्यातला पहिला भाग मी एक वेळ गिळेन. दुसरा नाही. इथे वाचणाऱ्यांत गेम बनवणारे आहेत, मानसशास्त्र शिकवणारे आहेत, रात्र रात्र जागून खेळणारी पोरं आहेत. ती चूक काढतात तेव्हा नेमकी कुठली ओळ चुकली ते सांगतात. तुम्ही एकही ओळ दाखवलेली नाही. ‘सर’ म्हणून सुरुवात करायची, ‘तुमचं लिखाण आवडीने वाचतो’ म्हणायचं आणि चार वाक्यांत माणसाला लबाड ठरवायचं, ही कुठली रीत? सरळ ‘मला गेम आवडला नाही’ म्हणाला असतात तर मी इथे काही लिहिलंच नसतं.

तुमची एक गोष्ट मात्र मान्य. गेमचा वेग सुरुवातीला खरोखर छळतो. माडोत्सुकी, म्हणजे गेममधली मुलगी, फार हळू चालते. नकाशा नाही, कुठे जायचं ते सांगणारं कोणी नाही, आणि सायकल सापडेपर्यंत ते ओसाड पट्टे पायीच तुडवावे लागतात. दिवसभर काम करून आलेल्या माणसाने तो अर्ध्यावर सोडला तर मी त्याला बोल लावणार नाही. पण वेग कमी असणं वेगळं आणि ‘बाकी काही नाही’ म्हणणं वेगळं.

गेममध्ये काय आहे ते आता नीट पाहू. एक छोटी खोली. त्यात पलंग, टेबल, टीव्ही, टीव्हीला जोडलेला जुना गेम आणि बाल्कनीचं दार. आणखी एक दार आहे, बाहेर जाण्याचं. त्याच्याशी जाऊन तुम्ही बटण दाबलंत की माडोत्सुकी मान हलवून नकार देते. का, ते गेम सांगत नाही. कितीही वेळा दाबा, ती जाणार नाही. मग उरतं ते झोपणं. झोपली की तीच बाल्कनी, तीच खोली, पण आता ते दार उघडतं. पलीकडे 12 दारांचं अंधारं दालन आहे आणि प्रत्येक दारामागे एक जग. स्वप्न सोसवेनासं झालं की ती गालाला चिमटा काढते आणि जागी होते. टेबलाशी बसून स्वप्न लिहिलं की गेम सेव्ह होतो.

दिवसा जे दार उघडत नाही तेच रात्री उघडतं. तुम्ही ‘अर्थ लागत नाही’ म्हणता, पण पहिल्या पाच मिनिटांत गेमने तुमच्या हातात किल्ली दिलेली आहे.

पुढे या जगांमधून तुम्ही 24 इफेक्ट, म्हणजे माडोत्सुकीला घेता येणाऱ्या वस्तू आणि रूपं, गोळा करता. त्यांची यादी मी मूळ लेखात दिली होती, तुम्ही तिला ‘निरर्थक वस्तूंची जंत्री’ म्हणालात. त्यातल्या काही पुन्हा बघा. सायकल. छत्री. टोपी आणि मफलर. रस्त्यावरचा सिग्नल. या सगळ्या घराबाहेर पडणाऱ्या माणसाच्या वस्तू आहेत! जी मुलगी दाराला हात लावत नाही, तिला स्वप्नात छत्री मिळते आणि छत्री उघडली की पाऊस पडायला लागतो. खोलीत बसणाऱ्याला पाऊस नुसता ऐकू येतो. अंगावर घ्यायचा तर तिला झोपावं लागतं. आता मांजराचा इफेक्ट घ्या. तो वापरला की आजूबाजूचे जीव तिच्याकडे चालत येतात. आणि कपाळाला त्रिकोणी फडकं बांधलं, जपानी भुताच्या कपाळावर असतं तसं, की ती दिसेनाशी होते. कोणीतरी जवळ यावं असंही वाटतं आणि कोणाच्या नजरेस पडू नये असंही वाटतं. ही ओढाताण गेममध्ये एका शब्दानेही सांगितलेली नाही. ती बटणांमध्ये ठेवली आहे. हाताने केल्याशिवाय ती कळत नाही, आणि ‘नुसतं फिरणं’ करत गेलात तर हाताखालून निघून जाते.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1900 सालच्या स्वप्नांवरच्या आपल्या पुस्तकात मांडलं की दिवसभरातले किरकोळ, बिनमहत्त्वाचे अवशेष स्वप्नाचा कच्चा माल होतात आणि एकाच प्रतिमेत अनेक गोष्टी दाटून बसतात. त्याच्या बाकीच्या सिद्धांतांवर पुढे पुष्कळ टीका झाली, ती मला माहीत आहे. पण टॉवेल, दिवा, सुरी, बासरी अशा घरगुती वस्तू त्या जगांमध्ये विखुरलेल्या पाहिल्या की हे दाटणं म्हणजे काय ते कळतं. मी ‘सुप्त मन’ लिहिलं ते या आधारावर. अर्थ लागला नाही म्हणून पळवाट काढली नाही.

आता फिरण्याबद्दल. ती जगं गोल आहेत. एका दिशेला चालत राहिलात तर कडा लागत नाही, तुम्ही पुन्हा जिथून निघालात तिथे येता. संगीत काही सेकंदांचं, तेच तेच फिरणारं. तुम्ही याला आळस म्हणालात. झोपेत त्याच गल्लीतून पुन्हा पुन्हा जाणं ज्याने अनुभवलं नसेल त्याला तो आळस वाटेलही.

आळशी माणूस पुढची गोष्ट करत नाही. बर्फाच्या जगातून वाट काढत गेलात की एक घर लागतं. त्यात पोनिको नावाची मुलगी उभी असते. ती काही बोलत नाही. भिंतीवर दिव्याचं बटण आहे, दाबलं की अंधार. बस, इतकंच. पण ते बटण दाबल्यावर 64 पैकी एका खेपेला पोनिको जाते आणि तिच्या जागी चाहते ज्याला ‘उबोआ’ म्हणतात तो काळा, पांढऱ्या चेहऱ्याचा आकार उभा राहतो. त्याला शिवलात तर अशा जागी जाऊन पडता की चिमटा काढावा. बहुतेक खेळाडू दिवा एक-दोनदा बंद-चालू करून निघून जातात. त्यांना कळतही नाही की त्या खोलीत दुसरं कोणी होतं. गेममधली सगळ्यात भीतिदायक गोष्ट बहुतेकांना दिसूच नये अशा बेताने ठेवणं, हे कुवत नसल्याचं लक्षण? मनातल्या अशाच गोष्टी आपण बटणापाशी जाऊन न पाहताच परत येतो.

आणि मंगळ. मसादा नावाचा एकटा पियानोवाला एका यानात राहतो. त्या यानातल्या पलंगावर झोपलात की यान मंगळावर आदळतं. तिथे अंग लहान करणारा इफेक्ट वापरून एका भोकातून खाली उतरलात की एक रडणारा जीव भेटतो. त्याच्याशी बोलता येत नाही. त्याच्यापाशी पोचल्याबद्दल बक्षीसही नाही. मी तिथे कितीतरी वेळ नुसता थांबलो होतो. स्वप्नातल्या झोपेतून दुसऱ्या ग्रहावर, तिथून जमिनीखाली, आणि सगळ्यात तळाशी कोणीतरी एकटंच रडतंय. याहून स्पष्ट आणखी काय सांगायला हवं होतं त्या किकियामाने?

तुम्ही विचारलंत, “तुम्हाला हे सगळं कळण्याचा अधिकार काय?” हा प्रश्न मला लागला. एरवी मी हे लिहिलं नसतं.

बारावीनंतर प्रवेश परीक्षेत अपयश आलं आणि मी पुन्हा बसण्यासाठी वर्ष घेतलं. पहिले काही आठवडे अभ्यास केला. मग खोलीबाहेर पडणं थांबलं. कोणी कोंडलं नव्हतं. दाराला कडीसुद्धा नसायची. आई ताट दाराशी ठेवायची, बाहेर पाहुणे आले की मी पंखा बंद करून बसायचो, आत कोणी नाही असं वाटावं म्हणून. त्या काळात मला एसटी स्टँडची स्वप्नं पडायची. गाड्या लागलेल्या, पाट्या वाचता येत नाहीत, मी कंडक्टरला विचारतोय आणि तो मला बसायला जागा करून देतोय. जागेपणी मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जात नव्हतो आणि झोपेत गावोगावच्या गाड्या धरत होतो. हा गेम मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पाहिला. माडोत्सुकीने दाराशी मान हलवली तेव्हा मला कोणी अर्थ सांगायची गरज पडली नाही.

जपानमध्ये अशा खोलीत बंद झालेल्यांना ‘हिकिकोमोरी’ म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ तामाकी सैतो यांच्या 1998 सालच्या पुस्तकामुळे तो शब्द तिथे घरोघरी पोचला. गेम तो शब्द कुठेही वापरत नाही, आणि माडोत्सुकीवर तो शिक्का मारावा असं मीही म्हणत नाही. पण हा माझा अधिकार. तुम्हाला पुरेसा वाटत नसेल तर इलाज नाही.

उरलेले मुद्दे पटकन. 0.10 हा आकडा तुम्ही अपूर्णतेचा पुरावा म्हणून दिलात. 2004 ते 2007 किकियामाने त्यात भर घातली, गेमला सुरुवात आहे, शेवट आहे. आकड्यावर मी वेळ घालवणार नाही. चित्रणाबद्दल: प्लेस्टेशन 2 बाजारात असताना 320 बाय 240 ठिपक्यांच्या चित्रात गेम करणं मागासलेपणाचं, असं तुम्ही म्हणता. एकट्या माणसाने ‘आरपीजी मेकर 2003’ हे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर घेऊन केलेल्या कामाची तुलना शेकडो जणांच्या स्टुडिओशी करणं मला न्याय्य वाटत नाही. आणि उबोआचा चेहरा मोजक्या ठिपक्यांचा आहे म्हणूनच तो डोळ्यांपुढून जात नाही. ‘स्वप्नाचा गेम ओसामू सातो यांनी 1998 सालीच एलएसडीमध्ये करून दाखवला, तोही त्रिमितीत’ हे तुमचं वाक्य खरं आहे, पण ‘एलएसडी’ हा गेम तो काढणाऱ्या कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने खरोखर लिहिलेल्या स्वप्नांच्या वहीवर उभा आहे आणि त्यात भिंतीला धडकलं की दुसरीकडे फेकलं जातं. तिथे गोळा करायला काही नाही, नकार देणारं दार नाही. तो वेगळ्या जातीचा गेम आहे, त्यावर स्वतंत्र लेख करीन.

शेवटाबद्दल मी इथे बोलणार नाही. 24 इफेक्ट दालनात सोडून दिल्यावर बाल्कनीत काय होतं ते ज्यांनी खेळलंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना अशा विषयाचा त्रास होतो त्यांनी हा गेम सध्या टाळावा, हे मूळ लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात होतं. तुम्ही तो परिच्छेद वाचला असता तर ‘बेजबाबदार’ हा शब्द लिहिला नसता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त यापुढे इथल्या वाचकांना अडाणी ठरवणारं वाक्य आलं तर ते दिसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आणि एक प्रश्न. तुम्ही लिहिलंय की तासाभरात गेम बंद केला. तोवर तुमच्याकडे मांजराचा इफेक्ट आला होता का? आला असेल तर तो वापरून एखाद्या जगात स्वस्थ उभे राहिला होतात का, की चालतच होतात? तेवढं सांगा, मग पुढे बोलू.