अठ्ठावीस हजार रुपये किलो

गिटारच्या तारा बदलायच्या होत्या, एवढंच. पावसाळाभर भिंतीला लटकून जाड तारा काळ्या पडल्या होत्या आणि अशा बद्द वाजत होत्या की शेजाऱ्यांनीही तक्रार करणं सोडून दिलं होतं. म्हणून काल संध्याकाळी नाशिकमधल्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने तीन पाकिटं समोर टाकली, "बघा" म्हणाला आणि मोबाइलमध्ये शिरला.

बघायचं काय, कपाळ? चप्पल पायात घालून बघता येते, आंबा हुंगून घेता येतो. तारांचं पाकीट मात्र फोडलं की आपलंच. आणि पाकिटावर लिहिलेलं असतं काय, तर ब्राइट, वॉर्म, रिच, बॅलन्स्ड. 'कर्कश' किंवा 'पंधरा दिवसांत बसेल' असं छापलेलं पाकीट मी आजवर पाहिलेलं नाही.

"दहा, अकरा की बारा?" पोराने मान वर न करता विचारलं.

बारा म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या बारा सहस्रांश जाडीची. तारा जाड घेतल्या तर आवाज भरदार येतो, पण सहा तारा मिळून गिटारला सत्तर किलोंच्या आसपास ओढतात आणि बोटांची सालं निघतात. बारीक घेतल्या तर बोटं वाचतात, पण आवाज उपाशी वाटतो. मी विचार करत होतो. तेवढ्यात उजव्या कानाशी टण्णकन आवाज झाला.

एक काका भजनी मंडळासाठी टाळ घ्यायला आले होते. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, समोर टाळांचा ढीग. एकेक जोड उचलायची, वाजवायची, डोळे मिटून नाद पूर्ण विरेपर्यंत थांबायचं आणि "मेला" म्हणून बाजूला ठेवायचं, असा कार्यक्रम चालला होता. मी बघतोय म्हटल्यावर ते सरकून जवळ आले.

"काय घेताय?"

"गिटारच्या तारा."

"कशाच्या?"

"एटी-ट्वेंटी ब्रॉन्झ," मी जरा रुबाबात म्हणालो.

त्यांनी टाळ खाली ठेवले. "ऐंशी टक्के तांबं, ठीक. वीस टक्के काय? कथील का जस्त?"

आम्ही दोघांनी पोराकडे पाहिलं. पोराने मोबाइलला विचारलं. "झिंक."

"मग हे पितळ झालं हो! भांडी बाजारात तिसरी पिढी आहे आमची, मला नका सांगू. कथील घातलं तर कासं. आणि वीस टक्के कथील घातलं असतं तर घंटा झाली असती, तार नाही. ओढायला जाल तर तुकडे पडतील."

संताप याचा, की माणूस शंभर टक्के बरोबर होता. जगभरचे गिटारवाले वर्षानुवर्षं पितळेला ब्रॉन्झ म्हणतात आणि कोणी हूं की चूं करत नाही. मी घाईघाईने दुसरं पाकीट पुढे केलं. फॉस्फर ब्रॉन्झ. डॅडारिओ कंपनीने १९७४ साली बाजारात आणलेला हा प्रकार. साधारण ब्याण्णव टक्के तांबं, आठ टक्के कथील, फॉस्फरस चिमूटभर. काकांनी मान डोलावली. "हां, हे कुळातलं आहे. केवढ्याला?"

"सातशे."

"वजन?"

वजन! गिटारच्या तारांचं वजन मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पोराने कुरिअरचा काटा काढला (याला एवढा उत्साह कुठून आला?) आणि पाकिटातून तारांची गुंडाळी काढून त्यावर ठेवली. पंचवीस ग्रॅम.

काकांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "म्हणजे अठ्ठावीस हजार रुपये किलो. आणि आत पोलाद असणार, वर नुसतं गुंडाळलेलं?"

"हो. आणि या दोन बारीक तारा तर नुसत्या पोलादाच्याच," पोराने स्वतःच्याच दुकानाविरुद्ध साक्ष दिली.

एव्हाना तबल्याची वादी घ्यायला आलेले एक गृहस्थ आणि बासरीवाली एक मुलगी काट्याभोवती जमली होती. प्रत्येकाने तार चिमटीत धरून पाहिली. घामट बोटांनी! नव्या तारेचा खणखणीतपणा जो मरतो तो याच घामाने आणि मळाने. गुंडाळीच्या वेढ्यांत मळ बसला की वरचे सूर आधी जातात. म्हणून तर आवरण चढवलेल्या तारा निघाल्या. एलिक्झर हा त्यातला मोठा ब्रँड रेनकोटचं कापड करणाऱ्या गोअर कंपनीचा आहे. त्या टिकतात जास्त, पण किंमत ऐकून मी तिसऱ्या पाकिटाला हातही लावला नव्हता. आता माझ्या सातशेच्या तारा चार अनोळखी माणसं माझ्याआधी हाताळत होती आणि पाकीट फुटलेलं असल्यामुळे तो सेट माझ्याच गळ्यात पडणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

"पण माझ्या गिटारला कुठल्या चांगल्या वाजतील?" मी शेवटचा प्रयत्न केला. "तिचा आवाज मुळातच खर्जाकडे झुकलेला आहे. त्यावर हे फॉस्फर जास्तच घुमेल. तिला ते खणखणीत पितळच बरं पडलं असतं."

कोणीच ऐकलं नाही. काकांना तारेच्या टोकाचा मणी सापडला होता. त्यांनी तो नखाने खरवडला, उजेडात धरला आणि आनंदाने म्हणाले, "हे बघा, हे मात्र अस्सल पितळ! जुन्या तारा टाकू नका, दुकानात आणून द्या. मण्यांचे मोडीत पैसे देतो. बाकीचं भंगार."

मण्यांचं वजन करायचंही निघालं होतं, तेवढ्यात मालक आले. काकांना त्यांनी वाकून नमस्कार केला, चहा मागवला आणि टाळांवर शंभर रुपये सोडले. मंडळाचं काम म्हणे, देवाचं आहे. मी आशेने पाकीट पुढे केलं. मालकांनी ते उलटून पाहिलं, म्हणाले, "फोडलंय ना हे? मग छापील किंमत," आणि सुट्टे नाहीत म्हणून राहिलेल्या पन्नास रुपयांची, तारा छेडायची दोन प्लास्टिकची पिकं हातावर ठेवली. तसली माझ्याकडे डबाभर आहेत.