करार राहू द्या, जाळं एक करा

समुद्रसंशोधन संस्थेची बातमी आली की फोटो ठरलेला: दोन साहेब, हातात फाइल, मागे बॅनर. 'सामंजस्य करार झाला.' पुढे त्या कराराचं काय होतं, ते कुणी छापत नाही.

मला सहकार्य म्हटलं की १९६०च्या दशकातली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आठवते. अनेक देशांची जहाजं होती, पण प्राणी-प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) धरायचं जाळं सगळ्यांनी एकच ठरवलं. तोंड एक चौरस मीटरचं, आणि २०० मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत उभं ओढायचं. ते नमुने कोचीला यायचे. तिथे युनेस्कोच्या मदतीने उभारलेल्या केंद्रात माणसं भिंगाखाली एकेक जीव वेगळा करत बसायची. प्रचंड कंटाळवाणं काम, आणि माझ्या मते मोहिमेतलं सगळ्यात मोलाचं. जाळं एक होतं म्हणून एका जहाजाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी मांडता आला. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ (स्थापना १ जानेवारी १९६६), याच मोहिमेतून जन्मली. पुढे जहाजं तोल राखायला जे पाणी भरून घेतात, त्या बॅलास्ट पाण्यातून येणाऱ्या परक्या जीवांवर जागतिक कार्यक्रम झाला, तेव्हा त्यासाठी निवडलेल्या सहा ठिकाणांत मुंबई होती आणि इथली पाहणी एनआयओनेच केली.

आता आपली ठाण्याची खाडी बघा. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा. फ्लेमिंगोंवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं (बीएनएचएस) काम, तिवरांवर वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं. ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र जर्मन सहकार्यातून उभं राहिलंय. वर्सोव्याला मत्स्यशिक्षण संस्था, अंधेरीत एनआयओचं प्रादेशिक केंद्र, ठाण्यात वर्षानुवर्षं खाडीचा चिखल चाळणारे कॉलेजचे प्राध्यापक. माणसांची कमतरता कुठाय?

पण खाडी म्हणजे खुला समुद्र नव्हे. उधाणाचं (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचं) पाणी वेगळं, भांगाचं (अष्टमीच्या सुमाराच्या छोट्या भरतीचं) वेगळं. पावसाळ्यात खारटपणा उतरतो, आणि ठाण्याकडचं अरुंद टोक वाशीच्या रुंद पात्रासारखं वागत नाही. एकाने उधाणाला बाटली भरली, दुसऱ्याने भांगाला, तर दोन्ही आकडे खरे असूनही तुलना खोटी. (फ्लेमिंगो किती आले यावर मात्र आपण व्हॉट्सअॅपवर तासभर भांडतो. ते ज्या शेवाळावर जगतात, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.)

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सगळ्या संस्थांनी मिळून खाडीत चार-पाच जागा ठरवाव्यात, जाळं आणि तिथी एकच ठेवावी, दर महिन्याला नमुने घ्यावेत आणि आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवावेत. जागा ठरवताना खाडीकाठच्या दिवाळे आणि चेंदणी कोळीवाड्यातल्या माणसांना टेबलाशी बसवा. जवळा कधी येतो, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या कुठे दिसेनाशा झाल्या, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांचं नाव अहवालाच्या शेवटी आभारात नको, संशोधकांच्या यादीत हवं. होडीचं भाडं आणि त्यांच्या दिवसाची मजुरीही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा.