पालकांनी नोंद घ्यावी

‘उद्या सर्व विद्यार्थ्यांनी एक नारळाची करवंटी, जुने वर्तमानपत्र व हिरवा घोटीव कागद घेऊन यावे. पालकांनी नोंद घ्यावी.’

हा निरोप रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी येतो. स्टेशनरीवाला साडेनऊला शटर ओढतो. वर्तमानपत्र घरात असतं, घोटीव कागदासाठी कुणीतरी चपला अडकवून धावतं. पण करवंटी हवी तर नारळ फोडायला हवा, आणि फोडला की खवायला हवा. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुसरी ‘ब’च्या चाळीसच्या चाळीस डब्यांत ओल्या खोबऱ्याची चटणी असते.

शाळेच्या सूचनांचा माझा अभ्यास आता बऱ्यापैकी आहे. त्यांचं व्याकरण वेगळं असतं. वाक्यात कर्ता विद्यार्थी असतो, कर्म मात्र पालकांचं. क्रियापदं सगळी विध्यर्थी: यावे, आणावे, पाठवावे, घ्यावी. आणि शेवटी एक ‘तरी’ असतो. ‘तरी पालकांनी सहकार्य करावे.’ या ‘तरी’च्या आधी नेमकं काय बिनसलंय हे कुणी सांगत नाही, पण वाचताना आपल्याच हातून काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

उशिराबद्दल बाईंना बोल लावण्यात अर्थ नाही. निम्मी पत्रं वरून सुटतात. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून केंद्रप्रमुखांकडे, तिथून मुख्याध्यापकांकडे, मग बाईंच्या मोबाइलवर. प्रत्येक पायरीवर त्याला एकेक ‘तात्काळ’ चिकटतो आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर उरतो तो फक्त उद्याचा दिवस. शिवाय बाईंचं स्वतःचं मूल दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत असतंच. त्या वेळी त्याही बहुधा करवंटीच शोधत असतात.

मुलाला मात्र ही गोष्ट दुपारीच वर्गात तोंडी सांगितलेली असते. तो विसरलेला नसतो. फक्त आठवायला त्याची पाठ अंथरुणाला टेकावी लागते. ‘आई, उद्या ना...’ असं सुरू होणारं वाक्य तीस रुपयांच्या खाली कधी जात नाही.

वर्गाचा ग्रुप हे याच्यावरचं उत्तर असेल असं कुणालाही वाटेल. बाई एक सूचना टाकतात. तिच्याखाली सव्वीस ‘ओके मॅडम’, अकरा जोडलेले हात आणि कुणाच्या तरी आत्याने पाठवलेला गुरुवारचा सुविचार. एवढं झाल्यावर सूचना तीन पडदे वर गेलेली असते आणि एक बाबा खालून विचारतात, ‘उद्या काय आणायचंय?’ मग कुणी तरी आडव्या वहीचा फोटो टाकतं. त्यात अर्धा मजकूर असतो, उरलेल्या अर्ध्यावर अंगठा. अनुभवाने सांगतो, दोनच गोष्टी कामाच्या: बाईंचा संदेश आला की लगेच त्याला तारांकित करायचं, आणि ग्रुपवर फक्त ॲडमिनना लिहू द्यावं असा ठराव पहिल्याच पालकसभेत आणायचा. दुसरी गोष्ट सहसा होत नाही, कारण ठराव मांडायचा तर आधी ग्रुपवर लिहावं लागतं.

वर्षाची सुरुवात जूनच्या मध्यावर होते. विदर्भात उन्हामुळे शाळा थोड्या उशिरा, महिन्याच्या अखेरीकडे उघडतात. तिथल्या पालकांना शहाणपण घ्यायला दहा-बारा दिवस जास्त मिळतात, घेत कुणी नाही. पहिली सूचना वह्यांची. मराठीला दुरेघी, इंग्रजीला चाररेघी, गणिताला चौकटीची, परिसर अभ्यासाला एकेरी. सगळ्या शंभर पानी. दुकानात शंभर पानी चाररेघी तेवढी संपलेली असते आणि दुकानदार दोनशे पानी पुढे करतो, ‘चालते, सगळे हीच नेतायत.’ ती चालत नाही. आठवड्याने ‘शंभर पानीच हवी’ अशी सूचना येते, तोवर पहिल्या चार पानांवर कॅपिटल ए उभा राहिलेला असतो.

मग कव्हरं. याबाबत मी ठाम आहे: कव्हर घालणं ही कला नव्हे, सुतारकाम आहे. तपकिरी कागद पसरायचा, त्यावर पुस्तक उघडून ठेवायचं आणि चारही बाजूंनी तीन-तीन बोटं सोडून कापायचं. पुस्तकाच्या पाठीपाशी वर आणि खाली दोन-दोन उभ्या चिरा द्यायच्या आणि मधली जीभ आत दुमडायची. ही पायरी गाळली की तिथे कागद चुरगळतो आणि आठवड्यात फाटतो. आणि खरी मेख पुढे आहे. शेवटच्या घड्या पुस्तक मिटून, कागद त्याच्या पाठीवरून सैलसर फिरवून घालायच्या. उघड्या पुस्तकावर तुकतुकीत ताणून बसवलेलं कव्हर, पुस्तक मिटताना पाठीची जाडी मागतं. ती कुठून द्यायची? मग पुस्तक मिटतच नाही, मगरीसारखं जबडा उघडून टेबलावर पडून राहतं. रात्री साडेअकराला सातवं कव्हर घालताना आणखी एक अपघात ठरलेला. लेबल नेमकं उलट्या बाजूला लागतं. पुढे वर्षभर ते मूल गणिताची वही मागून, डोक्यावर उभी करून लिहितं आणि प्रगतिपुस्तकात ‘नीटनेटकेपणा वाढवावा’ अशी नोंद येते.

लेबलवर नाव, इयत्ता, तुकडी आणि विषय पेनाने लिहा. हजेरी क्रमांक पेन्सिलीने. जून संपेपर्यंत नवे प्रवेश चालू असतात, तुकड्या बदलतात, हजेरीपट पुन्हा लावला जातो, आणि तेवीसचा एकतीस व्हायला एक सोमवार पुरतो.

याच सुमारास दप्तराच्या वजनाची सूचना येते. २०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं; पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो असा आकडाही दिलेला आहे. आता हिशेब मांडू. मूल वीस किलोचं, म्हणजे दप्तर दोन किलो. चेन, कप्पे आणि कार्टून धरून रिकाम्या दप्तराचे सातशे ग्रॅम. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्याला इलाज नाही. उरलेल्या तीनशे ग्रॅममध्ये डबा, कंपास आणि ज्ञान बसवायचं. बाटली गळ्यात अडकवली तर ती दप्तरात धरायची नाही, असा एक वकिली मार्ग पालकांनी काढलेला आहे. मुलाच्या मानेला तो कुणी समजावून सांगितलेला नाही. हे ओझं कमी करायला २०२३-२४पासून बालभारतीची पुस्तकं चार भागांत आली आणि टिपणं काढायला धड्यांमागे कोरी पानंही आली. त्या पानांवर मुलांनी विमानं काढली. दोन वर्षांनी कोरी पानं गेली, वह्या होत्याच. आणि ज्या संध्याकाळी ‘दप्तर हलके ठेवावे’ ही सूचना येते, त्याच संध्याकाळी तिच्याखाली ‘उद्या तपासणीसाठी सर्व वह्या पाठवाव्यात’ हीसुद्धा येते.

पाण्याबद्दल एवढंच, की अर्ध्या लिटरची बाटली द्यावी आणि शाळेत पुन्हा भरायला शिकवावं. बाटली गळते ती बहुतेक वेळा झाकणातल्या रबरी रिंगमुळे. धुताना ती निघते, सिंकच्या जाळीत जाऊन बसते, किंवा परत बसवताना पीळ पडतो. बाटली फुटली असं समजून नवी आणण्याआधी झाकण उघडून आत बघा. मी तर दोन जास्तीच्या रिंगा गरम मसाल्याच्या डब्यात ठेवा म्हणेन, कारण घरातला तेवढा एकच डबा कुणी आवरत नाही.

डब्याची सूचना कडक असते: लहान सुट्टीला सुका खाऊ, मोठ्या सुट्टीला पोळी-भाजी, रस्सा नको, पाकिटातलं काही नको. ज्या शाळांत पोषण आहार शिजतो तिथे पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ आणि पन्नास ग्रॅम भाजी असं माप ठरलेलं आहे. त्याची खिचडी होते आणि मुलं ती दुसऱ्यांदा मागून खातात. तेवढाच तांदूळ आणि तेवढीच डाळ घालून घरी केलेल्या खिचडीत त्यांना भोपळा दिसतो.

जुलैत एक नाजूक सूचना येते. ‘मुलींच्या केसांच्या स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.’ उवा हा शब्द त्यात कुठेही नसतो. प्रत्येक आईला खात्री असते की हे दुसऱ्या कुणासाठी तरी लिहिलंय आणि संध्याकाळी प्रत्येक आई गुपचूप फणी शोधत असते. उवा उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत पलीकडे जातात, आणि एका मोबाइलवर चार डोकी वाकलेली असतील तर त्यांच्यासाठी तो पूलच झाला. धुतलेले केस त्यांना वर्ज्य नाहीत. मुलगेही नाहीत, सूचनेत काहीही लिहिलेलं असो. पालक फसतात ते दुसऱ्याच ठिकाणी. औषधाने उवा मरतात, लिखा बऱ्याचशा वाचतात, आणि त्या सात ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून पाकिटावर लिहिल्याप्रमाणे साधारण नवव्या दिवशी दुसरा हात द्यावा लागतो. मध्ये एक दिवसाआड ओल्या केसांत बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवायची आणि दर वेळी पांढऱ्या कागदावर झटकायची. घरातली सगळी डोकी एकाच दिवशी. आजोबांना टक्कल असेल तर सूट.

आणि आता दिंडी. आषाढी एकादशी कधी आहे हे कालनिर्णयमध्ये वर्षाच्या सुरुवातीलाच छापून आलेलं असतं, तरी ‘उद्या वारकरी वेशात यावे’ हे वाचून आपल्याला धक्का बसतो. तयार धोतर, इलॅस्टिकचं, हाच मुलाचा पोशाख समजा. नेसवलेलं धोतर प्रार्थनेपर्यंत टिकतं, पालखीपर्यंत नाही. मुलीला नऊवारी शिवलेली मिळते, भाड्यानेही मिळते, अनामत वेगळी. पण ती घालताना आत हाफ पँट घाला, नाडीची गाठ सुरगाठ ठेवा आणि ती सोडायची कशी हे मुलीकडून रात्री दोनदा करवून घ्या. शाळेच्या बाथरूमबाहेर चौदा रखुमाया रडत उभ्या असतात तेव्हा बाई एकट्या असतात. डोक्यावर तुळस म्हणजे खरी कुंडी नव्हे. ओल्या मातीची छोटी कुंडीही दोन किलोंच्या घरात जाते, आणि ते दप्तराचं धोरण इथे लागू नाही. प्लॅस्टिकच्या पेल्यात ओला कापूस दाबून चार मंजिऱ्या खोचल्या की झालं. टाळ दिलेत तर दोरीने मनगटाला बांधा. पाऊस येणारच. बुक्का ओघळणारच.

पुढचे दिवस तर सगळे ठरलेले. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबरला बालदिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१चा. तारीख तेव्हापासून हललेली नाही. तरी २ जानेवारीच्या रात्री गावभर जरीकाठी साड्या आठ वर्षांच्या मापाला टाचल्या जात असतात, आडवं कुंकू लावून बघितलं जातं आणि ‘मी सावित्री बोलतेय’च्या पुढची दोन वाक्यं शोधली जातात. दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या पाटीपूजनाचं बरं असतं. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची एवढंच, आणि ती काढायला आजी पुढे येते, कारण घरात तेवढं एकच चित्र तिला येतं आणि दुसऱ्या कुणालाच येत नाही.

एक सूचना मात्र हसण्यावारी नेऊ नका: ‘आधारवरील नाव व शाळेतील नाव जुळत नाही.’ जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेच्या जनरल रजिस्टरला तिसरं. श्रीयाचा ‘री’ कुठे ऱ्हस्व, वडिलांचं नाव कुठे ‘राव’सकट, आडनाव कुठे आधी. बाई ऑनलाइन माहिती भरायला बसतात आणि संगणक या तिघींना एकच मुलगी मानायला तयार होत नाही. शाळा सोडल्याचा दाखला जनरल रजिस्टरवरूनच निघतो, आणि एकदा दाखला हातात पडला की नोंद दुरुस्त करून घेणं फार जिकिरीचं होतं. म्हणून प्राथमिकलाच एकदा जन्मदाखला घेऊन जाऊन रजिस्टरमधलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचून या. काना-मात्रेसकट. त्या दिवशी करवंटी नाही नेली तरी चालेल.

पावसाळ्यातली सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात. ती त्याच पायऱ्या उतरत येते आणि सकाळी बाई लिहितात, ‘अतिवृष्टीमुळे आज शाळेस सुट्टी. पालकांनी नोंद घ्यावी.’ तोवर गणवेश चढलेला असतो, बाटली भरलेली असते, डब्यात पोळी आणि दुधी भोपळ्याची भाजी बंद झालेली असते. ग्रुपवर सव्वीस ‘ओके मॅडम’ येतात. मूल दप्तरासकट जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसतं, तोंडाने घंटा देतं, मोठी सुट्टी जाहीर करतं आणि साडेनऊ वाजता तो डबा चाटूनपुसून रिकामा करतं. रोज परत येणारी तीच भाजी.