खुलासा : नव्या एलटीओ ड्राइव्हमध्ये जुन्या सगळ्या टेप चालत नाहीत

नागपुरातल्या सीए आणि छपाईवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘एलटीओ-९ ड्राइव्ह घ्या, जुन्या सगळ्या टेप चालतील, एका टेपवर ४५ टीबी मावेल, जुना ड्राइव्ह भंगारात द्या.’ एलटीओ म्हणजे कॉम्प्युटरचा डेटा साठवायच्या चुंबकी टेपचा एक प्रकार, ड्राइव्ह म्हणजे ती टेप वाचणारं-लिहिणारं यंत्र, आणि पुढचा आकडा म्हणजे त्याची पिढी. मेसेजमधलं हे चुकीचं आहे आणि यात डेटा कायमचा हातचा जाऊ शकतो.

एलटीओ-९ ड्राइव्ह फक्त एलटीओ-८ आणि एलटीओ-९ टेप वाचतो. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचायचे, एलटीओ-८ पासून ती सोय एका पिढीवर आली. म्हणजे एलटीओ-५, ६ किंवा ७ वर तुमचे जुने हिशेब असतील, तर आधी त्या टेप जुन्याच ड्राइव्हवर वाचून डेटा नव्या टेपवर उतरवा, तो उघडून पाहा, मगच ड्राइव्ह काढा. डीडीएस या जुन्या, वेगळ्या प्रकारच्या चार मिलिमीटर टेपच्या छोट्या कॅसेट तर एलटीओत बसतच नाहीत.

४५ टीबी हा आकडा डेटा अडीच पट दाबला (कॉम्प्रेस केला) जाईल असं धरून दिलेला आहे. टेपची खरी क्षमता १८ टीबी. फोटो, व्हिडिओ, झिप फाइल आधीच दाबलेल्या असतात, त्यामुळे छपाईवाल्यांनी १८ च धरावे.

आणि कृपा करून, मे महिन्यात टेप गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत ठेवू नका.