छर्रे तोंडात धरायचे नसतात

गेल्या रविवारी भाचीला नेमबाजीच्या रेंजवरून आणायला गेलो. अकरा वर्षांची पोर, एअर रायफल खांद्याला लावून उभी, आणि गालात काहीतरी धरलेलं. मला वाटलं लिमलेटची गोळी असेल. ‘‘मामा, छर्रे आहेत. ओले केले की नळीतून सरळ जातात. आईच्या ग्रुपवर आलंय.’’ खालच्या ओठावर करडी रेघ उमटली होती. शेजारी भडंगाचा पुडा उघडाच.

तो मेसेज घरी येऊन वाचला. सांगली-मिरजेच्या पालकांमध्ये जोरात फिरतोय. ‘दहाचा शॉट हमखास लागण्यासाठी छर्रे कसे निवडावेत.’ त्यातलं तिसरं सूत्र असं: ‘छर्रे तोंडात धरावेत, थुंकीचं वंगण मिळतं, शिसं पोटात गेलं तरी तसंच बाहेर पडतं.’ सुरुवात इथूनच करतो. बाकीच्या सूत्रांनी फार तर गुण जातील.

छर्रे शिशाचे असतात, आणि शिसं तसंच बाहेर पडत नाही. रक्तात मिसळतं, मेंदूपर्यंत जातं, हाडांत आणि दातांत साठून राहतं. रक्तातल्या शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीच संघटना पुढे सांगते की पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट प्रमाणात मुलांच्या अंगात शोषलं जाऊ शकतं. त्याने लक्ष लागत नाही, बुद्धीची वाढ खुंटते. आपण पोरांना नेमबाजीला घालतो ते चित्त एकाग्र व्हावं म्हणून, आणि त्याच पोरांच्या तोंडात शिसं देतो? छर्रा नुसता चोळला तरी शिशाचं काळं हाताला लागतं. छर्रे हाताळून झाले की साबणाने हात धुवायचे, मगच डबा उघडायचा. वंगणाचं म्हणाल तर प्रत्येक छर्ऱ्याला थुंकी कमी-जास्त लागणार. त्यात नळीत ओल जाते ती वेगळीच.

मेसेजमधलं आणखी एक सूत्र: ‘जितका जड छर्रा तितका नेम पक्का.’ लांबच्या मैदानी माऱ्यात, वाऱ्यात, याला थोडा अर्थ आहे, तेवढं मान्य करतो. पण आपली पोरं बंद हॉलमध्ये 10 मीटरवर मारतात. तिथे वारा कुठला? स्पर्धेच्या एअर रायफलला साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा पुरतो.

टोकदार छर्रे घ्यावेत हे सूत्र तर मेसेज लिहिणाऱ्याने लक्ष्याचा कागद कधी पाहिला नसावा असं आहे. दहा गुणांचं वर्तुळ अवघं 0.5 मिलिमीटरचं, म्हणजे टिंबच. सपाट डोक्याचा छर्रा कागदाला पंचसारखं स्वच्छ गोल भोक पाडतो. टोकदाराने कागद फाटतो, मग गुण मोजायचे कशावरून?

‘चॅम्पियन वापरतो तोच डबा घ्या’ हे अर्धं खरं आहे. चांगल्या डब्यात छर्रे एकसारखे असतात, त्याचे पैसे द्यावेच लागतात. पण कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 साली पॅरिसला कांस्य आणलं ते 50 मीटरच्या रायफलवर. त्यातलं काडतूस वेगळं, त्याच्यावरून आपल्या पोरांचे छर्रे कसे ठरवणार? आणि 10 मीटरच्या चॅम्पियनचा डबा आणला तरी तो त्याच्या नळीला जमलेला असतो. छर्ऱ्याच्या डोक्याचं माप 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर असं मिळतं, आणि तोच ब्रँड, तेच माप असूनही लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, बदलला की कागदावरच्या भोकांचा पसारा बदलतो. म्हणून रायफल शिकंज्यात घट्ट बसवायची, प्रत्येक लॉटचे दहा शॉट एकाच कागदावर मारायचे आणि भोकांचा पसारा मोजायचा. सगळ्यात लहान पसारा ज्याचा, तो आपला लॉट. त्याचे जमतील तितके डबे एकदम घ्यायचे. खाली पडून मागची कड चेपलेला छर्रा मात्र सरळ बाजूला टाकायचा, तिथून हवा निसटते.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला असेल, त्यांनी त्याच ग्रुपवर आजच्या आज तिसरं सूत्र चूक आहे असं लिहावं. सोमवारी मिरजेला भाचीचं रक्त तपासायला दिलंय. नमुना मुंबईला जातो, रिपोर्टला आठवडा लागेल म्हणाले.