पाटे बदलून देतो, चार इंच मात्र नाही

राम राम भाऊ,

आमच्या गॅरेजच्या रिव्ह्यूत तुम्ही एकच तारा दिलात आणि तीन गोष्टी लिहिल्या. इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला चार इंच लिफ्ट (गाडी उंच करायचं किट) मागितली, आम्ही दोनच बसवली. पाल गावाच्या पुढे जंगलातल्या रस्त्यावर मागचा गोळा (डिफ्रन्सल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) दगडाला घासला. आणि रिकामी गाडी मागून उडते. यातली तिसरी तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि चूक माझी आहे, म्हणून आधी तिचंच बोलतो.

तुम्ही गाडी आणलीत तेव्हा मागे खताच्या गोण्या आणि ड्रिपच्या नळ्यांची बंडलं होती. ते बघून मी धरून चाललो की गाडी रोजच भरलेली असते, आणि मागे कायम ३०० किलो मालासाठीचे पाटे (लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग) टाकले. ३०० किलो म्हणजे ५० किलोच्या सहा गोण्या. तेवढा माल असला की हे पाटे मस्त चालतात, पण रिकाम्या गाडीत ते दबतच नाहीत आणि खड्डा थेट पाठीत बसतो. आठवड्यातून किती दिवस माल असतो, एवढं मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. हलके पाटे मजुरीसकट फुकट बदलून देतो.

चार इंचाला मात्र मी आजही नाहीच म्हणेन. या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत आणि पुढचं डिफ्रन्सल चेसिसला बांधलेलं आहे. गाडी जितकी उचलाल, तितका चाकाकडे जाणारा अॅक्सल तिरपा होतो. दोन इंचांपर्यंत तो झेपतो. नुसत्या स्प्रिंगवर चार इंच केले तर अॅक्सलचा जॉइंट कायम तिरपाच फिरतो, त्यावरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर उडतं आणि आपल्या काळ्या मातीचा चिखल आत शिरतो. चाक धरणारा वरचा आर्मही टोकाला जातो, मग खड्ड्यात चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही. तुमच्या घरची माणसं त्या गाडीत बसतात भाऊ, असं काम मी करणार नाही.

गोळ्याचं म्हणाल तर चार इंच केले असते तरी तो दगड लागलाच असता. लिफ्टने चेसिस वर जाते, मागचा गोळा चाकांच्या मधोमध असतो तिथेच राहतो. त्याला फक्त टायर उचलतो: टायरचा व्यास दोन इंच वाढला तर गोळा एक इंच वर. किट बसवण्याआधी हे तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं, ते राहिलं.

येताना गाडी रिकामीच आणा. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेप लावून तुमच्यासमोर माप घेऊ, पाटे बदलले की पुन्हा घेऊ, दोन्ही आकडे कार्डावर लिहू. मग तुम्ही स्टिअरिंगवर बसा, मी शेजारी बसतो, यावल रोडला एक चक्कर मारू. मागून उडतेय असं वाटलं तर गाडी परत जॅकवर.