१३०० सीसीत अडीचशे घोडे? आधी सीसी कशी मोजली ते बघा

रोटरी इंजिनाचं (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर गोल फिरतो ते) गुणगान करणारा एक लांबलचक मेसेज फिरतोय, तो मी आजवर बघून सोडून देत होतो. परवा ऑकलंडहून भाच्याचा फोन आला. "मामा, माझदाची जुनी रोटरी गाडी आरएक्स-८ स्वस्तात मिळतेय. तेराशे सीसी म्हणजे पेट्रोल स्विफ्टएवढंच पिईल ना?" तोच मेसेज फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला होता. शिकता शिकता काम करून साठवलेले पैसे पोरगा त्याच्या भरवशावर घालवायला निघाला होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं खोलण्यात माझी हयात गेली आहे. आता गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो: रोटरी १३०० सीसीत २५० घोडे (हॉर्सपॉवर) देते, पिस्टनला तेवढ्यासाठी दुप्पट मोठं इंजिन लागतं. वजन निम्मं. हलणारे भाग तीनच, म्हणून झीज नाही आणि ऑइलची कटकट नाही. १९९१ ला ले मान्सची २४ तासांची मोटार शर्यत जिंकल्यावर घाबरून रोटरीवर बंदी घातली. बड्या कंपन्यांनी तंत्र दाबून टाकलं.

सगळी गोम त्या 'सीसी'त आहे. माझदाच्या १३बी इंजिनात दोन तिकोनी रोटर असतात. रोटरच्या तीन बाजूंना तीन कप्पे, पण मोजताना रोटरमागे एकच कप्पा धरतात, ६५४ सीसीचा. दोन रोटरचे झाले १३०८. आता शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरचा एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोक पिस्टनला एका स्फोटासाठी दोन फेरे लागतात. म्हणजे एका फेऱ्यात ही रोटरी जेवढी हवा ओढते, तेवढी ओढायला पिस्टन इंजिन २६०० सीसीचं लागणारच. 'दुप्पट' आलं ते इथून, त्यात चमत्कार कसला?

हे माझं एकट्याचं गणित नाही. मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयए, तिच्या नियमावलीतलं 'जे' नावाचं परिशिष्ट सांगतं की रोटरीची क्षमता १.८ ने गुणून धरायची. १३०८ चे झाले २३५४. जपान सरकारसुद्धा वाहनकरासाठी दीडपट धरतं. जपानी बाजारातली आरएक्स-८ टर्बोशिवाय ८५०० आरपीएमला २५० घोडे द्यायची. होंडाची तिथलीच एस२०००, तीही टर्बोशिवाय, १९९७ सीसीच्या पिस्टन इंजिनातून ८३०० आरपीएमला तेवढेच द्यायची. टॉर्क २१६ आणि २१८ न्यूटन-मीटर. कुठे गेला तो दुपटीचा फरक?

वजनाचं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. रोटरी आकारानं फार लहान असते, व्हॉल्व्ह-कॅमशाफ्टचा पसारा नसतो, चालते लोण्यासारखी. पण 'निम्मं वजन' ठरवताना इंजिन १३०० च्या शेजारी ठेवायचं की अडीच हजाराच्या, ते आधी ठरवा. शिवाय उष्णता इतकी की ऑइल कूलर लागतातच. त्यांचं वजन कोण धरणार?

आता ऑइल. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं रोटरी कधी उघडलेली नाही. हलणारे भाग तीन म्हणे! दोन रोटरच्या टोकांवर मिळून सहा एपेक्स सील (कप्प्यातला दाब अडवणाऱ्या पट्ट्या) असतात, वर साइड सील आणि कॉर्नर सील. ही सगळी हाउसिंगवर, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचावर, घासत फिरतात. ती कोरडी पडू नयेत म्हणून पंप मुद्दाम थोडं थोडं ऑइल आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. म्हणजे रोटरी ऑइल पितेच, तशीच घडवली आहे. डिपस्टिक न बघता चालवली की सील जातात, हाउसिंगवर चरे पडतात, आणि इंजिन बांधायचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. एनएसयू या जर्मन कंपनीची रोटरी गाडी आरओ ८०, १९६७ ची, याच सीलांपायी बदनाम झाली आणि दोन वर्षांत कंपनी फोक्सवागनकडे गेली.

ले मान्सचा विजय खराच. पण माझदाच्या ७८७बीला ८३० किलोला उतरायची मुभा होती, जग्वार आणि मर्सिडीजच्या मुख्य गाड्या १००० किलोच्या. आणि जिला बंदी म्हणतात, तो साडेतीन लिटरच्या पिस्टन इंजिनांचाच नियम त्या शर्यतीच्या आधीच ठरला होता. आणि दाबून टाकायचं असतं तर जनरल मोटर्सनं रोटरी बनवायच्या परवान्यासाठी पैसे का मोजले असते? १९७३ नंतर पेट्रोल भडकलं, रोटरी जास्त पिते, विषय तिथेच अडला.

भाच्याला सांगितलं, शहरात लिटरला सात-आठ किलोमीटर मिळतील, दर दुसऱ्या टाकीला ऑइल बघावं लागेल. तरी हवीच असेल तर कॉम्प्रेशन (कप्प्यांत दाब किती बनतो ते) तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तेही रोटरीच्या टेस्टरवर. साधा गेज तिन्ही बाजूंतला सर्वांत मोठा आकडा धरून बसतो आणि मेलेली बाजू लपते. दोन रोटर, सहा आकडे, लेखी घे. विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच माघारी ये.